बिनस्टेजचं रिसेप्शन

"स्टेज नको," शालन म्हणाली.

आमचे व्याही वसंतराव सूर्यवंशी चहात बिस्किट बुडवत होते. ते तसंच मोडून कपात पडलं. शेजारी बसलेल्या शेखर फोटोवाल्यानं लॅपटॉपवरून मान वर केली आणि तो माझ्याकडं बघायला लागला. बाई काही वेगळं बोलली की नवऱ्याकडं बघायचं, ही रीत त्यालाही ठाऊक होती.

"म्हणजे लहान स्टेज?" वसंतरावांनी विचारलं.

"लहान नको, मोठं नको. स्टेजच नको."

आमच्या तेजूचं लग्न नुकतंच झालं होतं. लग्न कऱ्हाडला, सूर्यवंशींच्या पसंतीच्या कार्यालयात, त्यांच्या पद्धतीनं. विट्यातल्या आमच्या लोकांसाठी रविवारी आम्ही रिसेप्शन द्यायचं, असं ठरलेलं. खर्च आमचा, म्हणून सल्ला त्यांचा. व्याही झाला की माणसाला दुसऱ्याच्या खिशातलं फार बारीक कळायला लागतं. त्यासाठी तर ते स्वतःच्या गाडीतून फोटोवाल्याला घेऊन आले होते.

शेखरनं आधी त्याचं पॅकेज सांगितलं होतं. दोन कॅमेरे, व्हिडिओ, मोठा पडदा, क्रेन आणि एक अल्बम, जो उचलायला दोन माणसं लागतील.

"क्रेन कशाला?" मी विचारलं. मी पिठाची गिरणी चालवणारा माणूस. क्रेन मी विहिरीवरच बघितली होती.

"वरून शॉट घ्यायला, काका."

"वरून काय दिसतं? टकली."

वसंतराव हसले नाहीत. त्यांना टक्कल होतं. बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूस, टक्कलसुद्धा हुद्द्यासारखं मिरवायचा.

मग शालननं लग्नाचे फोटो बघायला मागितले. शेखर म्हणाला, "निवडक दाखवतो, काकू."

"निवडक नको. सगळे दाखव."

सगळे म्हणजे ढीग होता. प्रत्येक फोटोत तेच सोनेरी सोफे, तीच प्लॅस्टिकची फुलं, मधे तेजू आणि जावई संग्राम, आणि दोन्ही बाजूला माणसं. रांगेत तासभर ताटकळलेली, भुकेली, दात दाखवणारी माणसं. पोलिसांनी जुगाराच्या अड्ड्यावरून धरून आणलेली माणसं पेपरात छापतात ना, तशी. तेजूचं हसू तर पहिल्या पन्नास फोटोंनंतर पुढं नुसतं चिकटवल्यासारखं दिसत होतं. शालननं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक फोटो बघितला. मला जांभया आल्या. शालनची थोरली बहीण, आमची हौसाक्का, चहा घेऊन आली. शालन म्हणाली, "आक्का, बघ की गं फोटो."

"मला काय कळतंय त्यातलं," म्हणून आक्का ट्रे ठेवून आत गेली.

आक्का आमच्याकडंच राहायची. ऐन विशीत नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी पाठवली, आणि आई-बाप गेल्यावर ती बहिणीकडं आली. मी आणि शालन दिवसभर गिरणीत. तेजूला न्हाऊ-माखू घालणं, शाळेत सोडणं, तापात उशाशी बसणं, सगळं आक्कानं केलं.

शेवटचा फोटो झाल्यावर शालन लॅपटॉपपासून बाजूला सरकली आणि म्हणाली, "स्टेज नको."

"विहीणबाई," वसंतराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "स्टेज नाही तर नवरा-नवरी उभी राहणार कुठं? लोक आहेर कुणाला देणार? फोटो कुठं काढणार?"

"पंगतीत."

"पंगतीत?"

"दुपारचं जेवण ठेवू. गिरणीमागं पटांगण आहे. सतरंज्या टाकू, पत्रावळ्या मांडू. पोरगा-पोरगी पंगतीत फिरून वाढतील, आग्रह करतील. त्या वेळी फोटो काढायचे. जेवताना माणसं बरी दिसतात. दुपारचं ऊन फुकट आहे, दिवे नकोत. दोन तास एकच माणूस आला तरी पुरे. व्हिडिओ नको, अल्बम नको. फोटो तेवढे दे, त्यातले चांगले आम्ही धुऊन घेऊ."

शेखरचं तोंड उतरलं होतं. पण धंद्यातला माणूस, नको म्हणेना. "काकू, उन्हात डोळ्याखाली काळं येतं. आणि मांडव रंगीत असला तर सगळे लालभडक दिसतात. वर पांढरं कापड बांधा. मग उजेड सगळीकडं सारखा पडतो."

"बांधू की. पांढरं तर स्वस्तच असतं."

"स्वस्त, स्वस्त!" वसंतराव उठलेच. "अहो हणमंतराव, तुम्ही बोला की. आमचे बँकेतले लोक येणार. त्यांना मांडी घालून बसवणार? पाहिजे तर स्टेजचं मी देतो."

आता खरं तर मला ते पटायला लागलं होतं. कुणी फुकट देत असेल तर घ्यावं, हा माझा साधा हिशेब. मी तोंड उघडणार तोवर शालन म्हणाली, "लग्न तुमच्या गावात, तुमच्या रीतीनं झालं. आम्ही कुठं हू का चू केलं? हे जेवण आमचं आहे."

"मग आमची मंडळी येतील का नाही, सांगता येत नाही. हिला तर मी काय सांगू?"

ही म्हणजे प्रमिलाबाई, आमच्या विहीणबाई. त्यांना काही सांगावं लागतं, हेच मला नवीन होतं.

गाडी गेल्यावर मी शालनवर उखडलो. "व्याही रुसला! पोरगी नांदायला गेलीय त्या घरात. सासरचं माणूस रिसेप्शनला आलं नाही तर तिनं तिथं तोंड कसं दाखवायचं? आणि कशासाठी? चार पैशांसाठी?"

"येतील," ती म्हणाली.

"आणि नाही आली तर?"

"न येऊन काय करतील? आमची फजिती डोळ्यांनी बघून लोकांना सांगायला तरी ती येतील."

"खरं सांग. स्टेज का नको?"

"स्वस्तात होतंय की."

शालन चिकट नव्हती. गिरणीत दळायला आलेल्या म्हातारीचा डबा ती पैसे न घेता भरून द्यायची आणि मला सांगायची, वजन कमी होतं. म्हणून तिचं हे 'स्वस्तात' मला पटत नव्हतं. पण तिनं एकदा ओठ मिटले की दगडाला पाझर फुटावा, तिला नाही.

रविवारपर्यंत गावानं माझं नाक पार कापलं. माझ्याच चुलतभावानं पारावर बसून सांगितलं, "आमचा हणमा जात्याखालचं झाडलोटीचं पीठ विकून जगलेला. स्टेज कुठनं घालणार?" हा माणूस आजन्म दुसऱ्याच्या पंगतीत जेवलेला. एकानं विचारलं, "पत्रावळी घरनं आणायची का तुम्ही देणार?" मी म्हटलं, "तू आण. दोन आण. घरच्यांना बांधून न्यायला लागते तुला."

रविवारी पांढऱ्या कापडाखाली सतरंज्या पडल्या. गल्लीतल्या बायांनी पहाटेपासून पुरणपोळ्या लाटल्या. कटाची आमटी आक्कानं केली. वाढायला आचाऱ्याची माणसं बोलवायचा मी विषय काढला, तर शालन म्हणाली, "नको, घरचीच वाढतील. आमटी आक्का वाढेल. गरम बादली तिच्याइतकी कुणाला सावरत नाही."

मला वाटलं, इथंही हिनं पैसे वाचवले.

पहिली पंगत बसली तरी सूर्यवंशी आले नव्हते. मी दर दोन मिनिटांनी रस्त्यावर जाऊन येत होतो. तेजू आणि संग्राम आदल्या दिवशीच आले होते, पण तेजूचाही सारखा डोळा दारावर. हातातल्या चांदीच्या वाटीतलं तूप तिनं दोनदा सांडलं.

दुसरी पंगत बसायच्या वेळी त्यांच्या गाड्या आल्या. वसंतराव कोटात. दुपारच्या उन्हात कोट! प्रमिलाबाई जरीच्या भारी साडीत. त्यांनी पटांगणावर एक नजर फिरवली आणि शालनला विचारलं, "बसायचं कुठं?"

"पानावर."

बसल्या. काय करतात? मागं चाळीस माणसं त्यांचीच, सकाळपासून उपाशी, पुरणाच्या वासानं आधीच खाली टेकलेली. बँकेतले ते थोर साहेब तर बूट काढून मांडी घालून पहिल्या पोळीवर तुटून पडले होते. त्यांना स्टेज आठवतसुद्धा नव्हतं.

आणि काय सांगू, फोटो बघण्यासारखे होत होते. ते मला न बघताच कळत होतं. संग्राम एका म्हाताऱ्याच्या पानात पोळी टाकतोय, म्हातारा दोन्ही हात आडवे घालतोय. तेजू तिच्या शाळेतल्या बाईंना घास भरवतेय, बाईंच्या हनुवटीवरून तूप ओघळतंय. कुणी तरी ओरडलं, "नाव घ्या, नाव घ्या!" आणि संग्राम लाजून पोळ्यांची परात घेऊन पळाला. शेखर आधी नाइलाजानं फिरत होता, आता वाकून, बसून, सतरंजीवर गुडघे टेकून काढत होता. शालननं त्याला बजावून ठेवलं होतं, "तू फक्त तेजूच्या मागं राहायचं. तेजू जाईल तिथं."

आणि तेजूच्या बरोबर, एक पाऊल मागं, आमटीची बादली घेऊन आक्का. तेजू पोळी वाढायची, आक्का आमटी. आक्का कुणाला तरी चिडवत होती, "अवं पाव्हणं, लाजताय काय, पोळी कोरडीच गिळताय व्हय?" आक्काला एवढं मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

प्रमिलाबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी शेखरला हाक मारली. मी शेजारीच मठ्ठ्याचं भांडं घेऊन उभा होतो.

"त्या बाई सारख्या मधे येतायत फोटोत. त्यांना जरा बाजूला घ्या आणि मग काढा."

"वाढतायत त्या, काकू."

"वाढू देत की. फोटोपुरतं बाजूला. नव्या नवरीबरोबर बरं दिसत नाही ते. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते?"

शेखरला कळलं. असल्या गोष्टी त्याला रोज कळत असणार, त्याचं पोटच त्यावर होतं. तो पुढं जाऊन म्हणाला, "मावशी, जरा सरका."

आक्का सरकली. कुणी मारायला हात उगारल्यावर कुत्रं जसं आधीच बाजूला होतं तशी. बादली उचलली, पदर ओढला आणि गिरणीच्या भिंतीला जाऊन टेकली. तेजू पोळी हातात घेऊन तशीच उभी. तिचा चेहरा कसानुसा झाला. एक शब्द बोलली असती तर सासूशी आयुष्यभराचं वाकडं, आणि न बोलावं तर मावशी भिंतीला. संग्रामनं आईकडं बघितलं आणि मग पत्रावळीकडं बघितलं. शिकलेला पोरगा. पत्रावळीत काय शोधत होता कुणास ठाऊक.

तेवढ्यात पंगतीच्या त्या टोकावरून शालनचा आवाज आला. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर बोलून बोलून कमावलेला आवाज.

"आक्का! अगं आमटी कुठाय? विहीणबाईंच्या पानात आमटी नाही!"

सगळी पंगत वळून बघायला लागली.

"नको, नको, असू दे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"असू दे कसं? आमच्या दारात विहीण कोरडी पोळी खाणार? लोक शेण घालतील आमच्या तोंडात. आक्का, ये लवकर. आणि तेजू, तू काय बघत उभी? सासूबाईंना स्वतः वाढ. मावशीला बादली जड होते, तूही धर."

आक्का जागची हलेना. मग माझ्या चुलतभावानंच, त्या फुकट्यानंच, तोंडातला घास गिळून आरोळी ठोकली, "अवं आक्का, आमच्याकडं पण आणा की! असली आमटी जिल्ह्यात नाही!" पन्नास तोंडांनी त्याच्या मागं ओरडा केला. आक्का आली. तेजूनं बादलीच्या कडीला एका बाजूनं हात घातला, आक्काचा हात दुसऱ्या बाजूला होताच. तेजूनं पळी घेतली नाही, आक्काचा पळीचा हात वरून धरला, आणि दोघींनी मिळून प्रमिलाबाईंच्या द्रोणात आमटी ओतली.

पानावर बसलेल्या माणसानं वाढणाऱ्याचा हात ढकलायचा नसतो. एवढं प्रमिलाबाईंनाही कळत होतं. त्या वर बघत राहिल्या.

"भुरका मारा, विहीणबाई," आक्का घाबरत म्हणाली. "तिखट झाली असंल तर सांगा."

प्रमिलाबाईंनी भुरका मारला. सगळे बघत होते ना. मग ठसका लागला. तेजूला हसू आलं. आईचं आणि मावशीचं जे हसू तिच्यात होतं, दात-हिरड्या सगळं दिसणारं, ते. आक्काही हसली.

शेखरनं काढला. कुणी सांगितलं म्हणून नाही. फोटो दिसला म्हणून काढला असणार.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं धुवायचे फोटो निवडायला कऱ्हाडला त्याच्या दुकानात गेलो. शालन एकेक फोटो बघत होती आणि म्हणत होती, "हा घे. हा घे." सहाव्या-सातव्या फोटोला माझ्या लक्षात आलं. ती घेत होती त्या प्रत्येक फोटोत आक्का होती. कुठं तेजूच्या खांद्यामागं, कुठं बादलीवर वाकलेली, कुठं नुसता हात आणि पळी.

"शालन," मी हळू आवाजात म्हटलं, "म्हणून स्टेज नको होतं?"

शेखर प्रिंटरकडं गेला होता. शालन पडद्याकडं बघतच म्हणाली, "लग्नाच्या फोटोत आक्का कुठं होती?"

मी आठवून बघितलं. "कुठं होती?"

"सामानाच्या खोलीत. अक्षता पडताना, जेवताना, सगळा वेळ. प्रमिलाबाई तिला गोड बोलून म्हणाल्या, सामानाजवळ घरचं विश्वासू माणूस पाहिजे. ही येडी खुश झाली, मला विश्वासू म्हणाल्या म्हणून. एवढे फोटो बघितले त्या दिवशी. कशात तिचा पदरसुद्धा नव्हता."

"मग स्टेज घालून तिला वर बोलवायची. आपलंच स्टेज, आपलंच रिसेप्शन. कुणाच्या बापाची भीती?"

"ती चढली असती?"

मी पडद्यावरच्या आक्काकडं बघितलं.

"तिला कुणी नको म्हणायलाच लागत नाही, अहो. तीच मागं सरकते. स्टेजला पायऱ्या असतात. त्या ती जन्मात चढली नसती. पण बादली दिली की येते. विधवेच्या हातचं कुंकू चालत नाही, आमटी चालते." मग ती शेखरला हाक मारून म्हणाली, "हा ठसक्याचा मोठा कर रे. एवढा एकच."

हे मी कुणाला सांगितलं नाही. गावाला वाटत राहिलं की हणमा माळवदेनं पैसे वाचवले. वाटू दे. मी पुढं काही वर्षं 'स्वस्तात चांगले फोटो कसे काढायचे' याचे सल्लेही देत होतो. लोक विचारायला यायचे. पांढरं कापड बांधा, दुपारचं जेवण ठेवा, एकच फोटोवाला बोलवा, स्टेज घालू नका. लोक बाकी सगळं ऐकायचे आणि स्टेज घालायचे.

शालन गेली, त्याला वर्ष व्हायच्या आतच सूर्यवंशींच्या धाकट्याचं, सौरभचं लग्न निघालं. रिसेप्शन कऱ्हाडला, मोठ्या हॉलमध्ये. मी जाणार नव्हतो. घरात तिचं लुगडं अजून दोरीवरून काढलेलं नव्हतं. तेजू फोनवर रडली म्हणून मी आक्काला घेऊन गेलो. आक्का दारातून शिरली ती सरळ शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली. तेजूनं दोनदा येऊन तिचा हात ओढला, ती उठली नाही.

मी तिच्याजवळ बसत होतो, तोवर माइकवरून माझं नाव घेतलं. "मुलाच्या थोरल्या वहिनींचे वडील, श्री. हणमंतराव माळवदे यांनी स्टेजवर यावं." मी नको म्हणून मान हलवली तर स्वतः प्रमिलाबाई खाली आल्या. माझा दंड धरून वर घेऊन गेल्या. आता त्या थकल्या होत्या, माझ्याशी नेहमी चांगल्याच वागत आल्या. मला त्यांनी नव्या जोडप्याच्या मधोमध उभं केलं, हातात फुलांचा गुच्छ दिला, आणि नव्या सुनेला म्हणाल्या, "पाया पड गं, वडीलधारे आहेत, आशीर्वाद घे."

ती पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावरून समोर बघितलं. हॉलच्या टोकाला आक्का दिसत होती. तिचा नवरा गेला त्याला चाळीस वर्षं होऊन गेली असतील.

"विहीणबाई," मी म्हटलं, "माझी बायको जाऊन अजून वर्ष नाही झालं. मी चालतो का इथं?"

त्यांना खरंच कळलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय! पुरुषांना कुठं काय असतं?"

"काका, इकडं बघा," फोटोवाला म्हणाला. "हसा जरा."

मला हसू आलं. आवरेना, एवढं आलं. सगळे दिवे तोंडावर, वरून क्रेन फिरतेय, आणि मी मधे उभा राहून हसतोय.

तो फोटो फार चांगला आला. खर्चच तेवढा केला होता. प्रमिलाबाईंनी मोठा करून त्यांच्या दिवाणखान्यात लावलाय. येणारे-जाणारे बघतात आणि म्हणतात, बायको गेली तरी माणूस किती छान सावरलाय.